साच्यापुढचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे. मला कडी नाही, कुलूप नाही, माझ्यावर कुणी टकटक करत नाही. प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात एका थोराड यंत्रावर मी रुळावरून मागेपुढे सरकतो. पत्र्याची चौकट आणि मध्ये जाड काच, एवढाच माझा देह. आणि आधीच सांगून ठेवतो, मी आज भयंकर चिडलेलो आहे. गोडगोड ऐकायला बसला असाल तर माफ करा.

तुमच्या दप्तरातली कंपासपेटी काढा बघू. तिचं झाकण काही आभाळातून पडलं नाही. आमच्या यंत्राच्या डोक्यावर एक मोठं नरसाळं आहे, त्यात प्लास्टिकचे मसुराएवढे दाणे ओततात. ते तापलेल्या नळीत उतरतात. नळीत एक लांबलचक स्क्रू फिरत असतो. तो दाणे मळतो, वितळवतो आणि पुढे नेतो. पुढे पोलादी साच्याचे दोन भाग एकमेकांना घट्ट चिकटून उभे असतात. स्क्रू जोरात पुढे सरकला की पातळ झालेलं प्लास्टिक साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. साच्याच्या अंगातून गार पाणी वाहतं, त्यानं ते थिजतं. मग साचा उघडतो, मागून बारीक दांडे झाकणाला ढकलतात आणि झाकण टपकन खाली! मग साचा पुन्हा मिटतो. दिवसभर हेच.

आता हा साचा मिटतो तो काही पुस्तकासारखा नाही. आतलं प्लास्टिक त्याला उघडू बघतं, म्हणून तो भरलेला ट्रक अंगावर यावा तशा ताकदीनं दाबून धरतात. मध्ये झाकण आहे की बोट, त्याला कळत नाही. म्हणून तर मला बसवलं! मी पूर्ण बंद झालो की माझ्या कडेचा छोटा स्विच दाबला जातो, आणि तेव्हाच साचा मिटू शकतो. मी उघडा असलो की साच्यानं जागच्या जागी थांबायचं. एवढं मोठं धूड माझ्यासारख्या पत्र्याच्या तुकड्याचं निमूट ऐकायचं.

यंत्र चालवायच्या आक्का. अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. दर खेपेला पडलेलं झाकण उचलायला मला उघडताना म्हणायच्या, "सरक रे बाबा," आणि लावताना, "बस आता गप." रोज काम सुरू करण्याआधी माझी काच पुसायच्या. "हा आहे म्हणून माझे हात शाबूत आहेत," असं एकदा त्यांनी यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या फिटरदादाला सांगितलं. मी दिवसभर फुशारून सरकत होतो. कौतुक कुणाला नको असतं?

मग नवा सुपरवायझर आला. ऊठसूट "चला, चला" म्हणायचा, म्हणून कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: चला-चला. त्यानं मला सरकताना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दार उघडा, दार लावा! वेळ किती जातो यात! फिटर, तो स्विच बांधून टाक. साचा आपोआप मिटू दे, झाकणं खाली खोक्यात पडत राहू देत."

"साहेब, तो हात वाचवायला आहे," फिटरदादा म्हणाला.

"मला शिकवू नकोस. माल वेळेवर तू देणार आहेस का?"

फिटरदादानं मान खाली घातली आणि स्विच दाबून तारेनं करकचून बांधला. झालं! मी सताड उघडा, आणि यंत्राला वाटतंय मी बंद आहे. माझ्या नावावर इतकं धडधडीत खोटं कुणी बोललं नव्हतं. मला एका टोकाला ढकललं. माझ्यावर पिशव्या लटकू लागल्या, काचेवर धूळ साचली. तपासणीला कुणी येणार असलं की तार निघायची आणि मला पुसून पुढे आणायचे. "आमच्याकडे आधी सुरक्षा, मग काम," चला-चला छाती काढून सांगायचा. मेली लाज कशी वाटत नाही म्हणतो मी! पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की तार पुन्हा जागेवर.

आणि साच्याचे लाड बघा. झाकण कधी साच्यात अडकून बसतं. ते सोडवायला लोखंडी हत्यार चालत नाही, साच्यावर चरा पडेल ना! मऊ पितळेची सळई लागते. साच्यावर चरासुद्धा नको, आणि माणसाच्या हाताचं काय? "सळई कुठे शोधत बसता आक्का, हातानं ओढा. चला, चला!"

एका दुपारी झाकण अडकलं. आक्कांनी हात घातला. मी जवळच होतो, मित्रांनो! ते काम माझं होतं! पण मी पिशव्यांच्या ओझ्याखाली कोपऱ्यात. साचा आपल्या वेळेला मिटला. फिटरदादानं यंत्र थांबवायच्या लाल बटणावर झडप घातली, तरी आक्कांची दोन बोटं गेली ती गेलीच.

त्यांना दवाखान्यात नेलं. आणि चला-चला टॉर्च घेऊन साच्यात डोकावत होता! "साच्याला काही झालं नाही ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मला पाय नाहीत तरी गेली. वर सगळं खापर आक्कांवर: "बाईंचं लक्ष नव्हतं." कुणी म्हणालं, "यंत्रच वाईट, माणसं खातं." अहो, यंत्र कशाला खातंय? दार बंद आहे असं तुम्ही त्याला सांगितलंत, त्यानं विश्वास ठेवला.

काही दिवस तार निघाली. मग मागणी वाढली आणि तार परत आली. यंत्रावर आता नुकतीच कामाला लागलेली एक बाई होती.

आक्का कामावर आल्या तेव्हा त्यांना खोकी भरायच्या टेबलावर बसवलं. "लेकीची वेणी घालता येत नाही आता," त्या शेजारणीला सांगत होत्या. "तीच माझी घालते. वाकडी घालते मेली." बोलताबोलता त्यांची नजर माझ्याकडे वळली. तार दिसली. त्या तशाच उठल्या.

"कुणी बांधलं हे?"

चला-चला लगबगीनं आला. "आक्का, तुम्ही तुमचं काम बघा. ही हुशार आहे, सांभाळून करेल."

"मग मी काय वेंधळी होते?"

त्यानं घड्याळात पाहिलं.

"बरं, राहू द्या तार," आक्का म्हणाल्या. "फक्त आतलं झाकण तुम्ही काढून दाखवा. हातानं."

साचा उघडला. झाकण पडलं. साचा मिटला.

"घाला ना हात. तुम्ही तर हुशार आहात."

साचा पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. चला-चलाचे दोन्ही हात खिशात होते. ते काही केल्या बाहेर येईनात. सगळ्या टेबलांवरची माणसं काम सोडून त्या खिशांकडे बघत होती.

फिटरदादानं पक्कड आणली आणि कुणालाही न विचारता तार कापली. यंत्र तिथल्या तिथे थांबलं. आक्कांनी पिशव्या खाली फेकल्या आणि उरलेल्या बोटांनी मला ओढलं. पकड सैल होती, म्हणून मीच होता होईल तेवढा हलका सरकलो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी इंजिनिअर होईल, कुणी मालक, कुणी सुपरवायझर. हे दार फार वेळ खातं, असं तेव्हा तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. त्या वेळी आधी स्वतःच्या हाताकडे बघा. तो आत घालायची तुमची छाती होत नसेल, तर दुसऱ्या कुणाचाही घालू देऊ नका.