बर्फाच्या पाण्यात नऊ

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? समोर उजळणाऱ्या आकड्यावर, की हाताला लागणाऱ्या गारठ्यावर? घाई नाही. आधी माझं ऐका.

मी एक वाईन कूलर बोलतोय. काचेचं दार, आत निळा दिवा. उमेदीची वर्षं महाबळेश्वरच्या एका हॉटेलात गेली. स्ट्रॉबेरीच्या वाईनला मी सांभाळलं, माणसांनाही पाहिलं. एका वरबापानं तर माझ्यात ताकाची कळशी ठेवायला लावली. मालकानं हसत ठेवली आणि बिलात वाईन ठेवण्याचं भाडं लावलं. धंदा असा गोड बोलून चालतो, हे मी तिथंच शिकलो.

पण तिथला पावसाळा वाईट. माझ्या पोटात मण्याएवढा एक सेन्सर आहे. थंडी किती, हे तो सांगतो आणि त्याचंच ऐकून मी चालतो किंवा थांबतो. त्या मण्यात ओल शिरली, ती कुणाला दिसली नाही.

हॉटेल मोडलं तेव्हा शिराळ्याच्या आकारामशेठनं मला घेतलं. त्यांचं पशुखाद्याचं आणि जनावरांच्या औषधांचं दुकान. माझ्यात वाईनच्या जागी घटसर्पाची, म्हणजे गुरांचा गळा सुजवणाऱ्या रोगाची लस आली. मणी म्हणायचा, बारा अंश. शेठ बटण दाबून थंडीचा आकडा आणखी खाली लावायचे. मी दम न घेता चालत राहिलो. मागच्या भिंतीवर बर्फ धरला, तरी मणी आपला गरमच सांगत होता.

शेठ मात्र खूश. गिऱ्हाइकाला दार उघडून दाखवायचे, "हात लावून बघा, लय गार हाय." गार तेवढं औषध चांगलं, असा त्यांचा पक्का समज. बाटल्या रोज गोठत होत्या, लाइट गेली की वितळत होत्या आणि गावोगावच्या गोठ्यांत जात होत्या.

एके दिवशी प्रांजल या गुरांच्या डॉक्टर लस न्यायला आल्या. बर्फ पाहून थबकल्या. एक बाटली हलवून टेबलावर ठेवली, तर आतला गाळ कण कण होऊन झरझर तळाला बसला. मग त्यांनी पेल्यात बर्फाचा चुरा आणि पाणी घेतलं, माझा मणी सोडवून त्यात बुडवला आणि थांबल्या. आकडा शून्याजवळ यायला हवा होता. नऊवर अडला.

"काका, बर्फाच्या पाण्यात नऊ? मणी बिघडलाय. आणि ही लस गोठलेली आहे, टोचून काही उपयोग नाही. सगळी टाकून द्या. ज्यांना विकली त्यांना सांगा, पुन्हा टोचून घ्यायला लागेल."

शेठनी 'बरं' म्हणून मान डोलावली. डॉक्टर गेल्या. पेंडीचं पोतं घ्यायला आलेली सुलाबाई दारात उभी होती. दोन म्हशींवर तिचं घर चालतं, त्यातली एक गाभण.

"आकाराम, माज्या म्हसरांस्नी हितलीच टोचली न्हवं रं?"

"तुजी बाटली चांगली हुती, मावशी. ती मनी बिगडायच्या आदीची."

तशी ती नव्हती. माझ्याच मागच्या भिंतीला चिकटलेली, बर्फातून उपटून काढलेली होती.

मणी नवा बसला. आता आकडा खरा आहे, बर्फही गेला. पण गोठलेल्या बाटल्या खालच्या फळीवर तशाच आहेत. दिसायला अगदी नव्या.

आज दुपारी सुलाबाईचा फोन आला. शेठ फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, म्हणून मला ऐकू आलं. शेजारच्या वाडीत एका म्हशीचा गळा सुजलाय, घरघर लागलीय. वाडीतली माणसं लसीसाठी धावतायत.

"मी म्हनलं, मला काय घोर न्हाई. माज्या दोगींस्नी टोचलंय."

शेठनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "व्हय, मावशी."

आता वाडीतली माणसं दुकानात आली आहेत. शेठनी माझं दार उघडलंय. हात खालच्या फळीकडे वळतोय.

मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्हीही कुठं ना कुठं काहीतरी विकतच असाल. हिशेब खरा ठेवा. किती माल गेला एवढंच नाही, कसा गेला तेही त्यात येऊ द्या. आणि शिराळ्याकडं येणं झालं, तर आधी सुलाबाईच्या गोठ्यावर जा आणि तिची लस गोठलेली होती, एवढं सांगा.