ओळीने पळणारे दिवे

“कोठीच्या बाजारात विकत घेतलंस ना? खरं सांग.”

प्रणिताने नुकतंच बटण दाबलं होतं. पुठ्ठ्याच्या कमानीवरचे दहा इवलेसे दिवे एकामागून एक ओळीने पळत होते, आणि तिचे बाबा चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहत होते.

आमचे हे दिलसुखनगरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. दरवर्षी निम्मी पोरं बाजारातून तयार प्रोजेक्ट आणतात आणि हे त्यांना पकडतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हे तर ताकवाल्याचीही उलटतपासणी घेतात. चिक्कडपल्लीच्या बाजारात मी यांच्याबरोबर जाणं सोडलंय. वांगं मोडून पाहिल्याशिवाय यांचा विश्वास बसत नाही आणि भाजीवाली मात्र मला बोलते.

पण वांगं वेगळं आणि पोटची पोरगी वेगळी. प्रणिता दुसऱ्या कॉलेजात डिप्लोमा करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हेच दिवे परीक्षकांना दाखवायचे होते.

“मीच केलंय, बाबा.”

“पहिल्या खेपेला कुणाचेच दिवे असे सरळ पळत नाहीत. या आयसी चिपच्या पायांचा क्रम एक आणि दिवे लागायचा क्रम दुसरा. नवी पोरं पायांच्या क्रमाने वायरी जोडतात आणि दिवे उड्या मारतात. तुझे कसे नाही मारले?”

“मारले की! मंगळवारी. आईने बघितलं ना.”

पाहिलं होतंच. ओट्यावर दिवे लंगडी खेळत होते आणि पोरगी रडकुंडीला आली होती. मी तसं सांगितलं.

“तू तिचीच बाजू घेणार.”

मला असा संताप आला! इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाला मी साक्षीदार म्हणूनसुद्धा चालेना.

प्रणिताने कमानीला जोडलेल्या भोकाभोकांच्या पाटीवरच्या सगळ्या वायरी एका दमात उपटल्या.

“अगं, उद्या परीक्षा आहे!” मी ओरडले.

“बसा बाबा समोर. बघा.”

हे बसले, हाताची घडी घालून, परीक्षेच्या वर्गात बसतात तसे. ती एकेक वायर खोचत गेली. यांच्यापुढचा चहा गार झाला. मग तिने बटण दाबलं. तिसरा दिवा लागला, मग दुसरा, मग चौथा आणि एकदम सातवा. रागाच्या भरात तीच चूक पुन्हा झाली होती.

यांचा चेहरा मात्र उजळला. “हीच ती चूक! ही काही बाजारात विकत मिळत नाही. तूच केलंयस गं पोरी! थांब, या दोन वायरी इकडे...”

प्रणिताने पाटी छातीशी ओढली.

“नक्को. तुम्ही हात लावला तर ते माझं राहणार नाही.”

यांचा हात तसाच हवेत राहिला. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हे दाराबाहेर उभे राहिले. दाराच्या वरच्या काचेत उजेड इकडून तिकडे उड्या मारत होता. बऱ्याच वेळाने तो ओळीने पळू लागला.

“लागले गं,” हे माझ्या कानाशी कुजबुजले. दार वाजवायचा धीर काही यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणिता घरी आली. हे रजा टाकून बसले होते.

“काय विचारलं?”

“पहिलंच हे विचारलं, वडील इलेक्ट्रॉनिक्सचे सर आहेत, त्यांनीच करून दिलं ना?”

यांचा चेहरा पडला. “मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, बाबांनी बोटसुद्धा लावलं नाही.”

“विश्वास बसला त्यांचा?”

“कायकू बसेल?” ती चपला काढत म्हणाली. “ते पण सरच ना.”

मी तिचं पान वाढलं. कमान टेबलावर होती. हे कमानीपाशी गेले, वाकून पाहू लागले, मग आठवल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“दाखवतेस का लावून?”

“जेवण होऊ द्या.”

“हौ, हौ. सावकाश जेव,” हे म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून तिथेच उभे राहिले.