तासाला एकच बाई

"तासाला एकच बाई, व्हर्लीन! हे काय तुला आज कळतंय का?" हार्लन ओरडला.

"उद्या तिच्या घशाचं ऑपरेशन आहे," मी म्हणालो. "आवाजाची पेटीच काढणारेत. एक गाणं लावलंस तर तुझं रेडिओ स्टेशन कोसळणार आहे का, थेरड्या?"

"कोल्बी, तोंड आवर," आजी म्हणाली. पत्र्यावर खिळा घासावा तसा आवाज झालाय तिचा.

व्हर्लीन स्टिडम, माझी आजी. चाळीस वर्षं टेनेसीतल्या जत्रांमधून गिटार घेऊन गायली. ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटन असलं तरी जायची. पांढरे बूट, झालरीचा ड्रेस, तीन तास ड्रायव्हिंग आणि वीस मिनिटं गाणं. रेकॉर्ड एकच निघाली. आवाज जायच्या आधी ती एकदा रेडिओवर ऐकायची, एवढंच तिचं मागणं. म्हणून चर्चमधून आम्ही थेट इथे आलो. हार्लन पूर्वी तिच्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. आता रविवारी दुपारी जुनी गाणी लावतो.

"या तासाला ओझेलाचं गाणं आहे," तो म्हणाला. "मंगळवारी गेली बिचारी. तिच्या पोरींना शब्द दिलाय मी. दोन बायका लावल्या की मालकाचा फोन येतो. लोक स्टेशन बदलतात म्हणे."

"मग पुढच्या तासाला लाव."

"पुढे प्रवचन, मग बेसबॉल."

आणि तीनला आम्हाला नॉक्सव्हिलच्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं.

हार्लनने कपाळ पुसलं. "ओझेलाचं काढू का? मागच्या वेळी काढायला लावलं होतंस, तसं?"

"कुठल्या मागच्या वेळी?" मी विचारलं.

"पोराला सांगितलं नाहीस?" हार्लन हसला. "तुझी आजी जॅम केक घेऊन आली होती इथे, जुन्या साहेबांकडे. बाहेर गाडी चालू ठेवून मीच उभा होतो. ओझेलाची रेकॉर्ड काढा, माझी लावा म्हणाली. दोघी एका गाडीतून जत्रा करायच्या, बहिणींसारख्या. ओझेलाचं गाणं सुटलं, मोज्यांच्या कारखान्यात लागली."

"तेवीस वर्षं," आजी म्हणाली.

"आणि तुझी किती दिवस वाजली?" मी आजीला विचारलं.

"पंधरा. मग तिसरीच कोणी केक घेऊन आली."

हसावं की काय करावं, कळेना मला.

"तिचंच लाव, हार्लन," आजी म्हणाली.

"अगं, ती मेलीये! तिला काय ऐकू येणारे?"

"तिच्या पोरी रेडिओ लावून बसल्या असतील. चल."

बाहेर पिकअपमध्ये बसून आम्ही रेडिओ लावला. ओझेला गायली. आजीने खालच्या सुरात साथ द्यायचा प्रयत्न केला. दोन ओळींत खोकला आला. मग नुसतं नखाने डॅशबोर्डवर ताल धरून बसली.

गाणं संपलं. मग एक पुरुष गायला. मग दुसरा. मग तिसरा, मग चौथा. लागोपाठ. मालकाचा फोन काही आला नसावा.

माझं डोकंच सटकलं. खाली उतरून मी स्टेशनच्या दारावर लाथा घालतोय. हार्लन आतून कडी लावून बसलाय. मागून आजी हॉर्न वाजवतेय. हाक मारण्याइतका आवाज नाही उरला तिला. अजून एक लाथ घालायची होती, पण पावणेदोन झालेत. निघायला हवं.