टेकाडाखालचा मॉस

एर्लंडच्या कुरणातलं थडग्याचं टेकाड पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे, असं सरकारी पाटी सांगते. एर्लंडला त्याचं कौतुक एवढंच, की ऑर्कनी बेटावरच्या चिखलात गवताचे भारे ठेवायला तेवढीच कोरडी जागा. बायको थोरा कानीकपाळी ओरडायची, "मेलेल्यांच्या डोक्यावर ट्रॅक्टर चढवू नकोस रे!" हा ऐकेल तर शपथ.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर चढला आणि खालच्या पोकळ थडग्याचे दगड ढासळले. आत शिरायची बुटकी वाट बुजून गेली. मॉस, त्याचा मेंढ्या वळणारा कुत्रा, वारा चुकवायला नेहमी आतच पडायचा, तेव्हाही आतच होता.

फटीतून भुंकणं ऐकू आलं तेव्हा एर्लंडच्या जिवात जीव आला. मग आत खरवडल्याचा आवाज, पाठोपाठ दगड घसरल्याचा. तो फटीला तोंड लावून ओरडला, "मॉस, पड! पडून राहा!"

खरवडणं थांबलं. नऊ वर्षांत मॉसनं हा हुकूम कधी मोडला नव्हता. एकदा एर्लंड त्याला कुरणात विसरून बाजाराला गेला, तर संध्याकाळी शिटी ऐकेपर्यंत पठ्ठ्या भर पावसात तिथेच पडून होता.

शेजारचा हार्कस पहार घेऊन आला, वाकून बघितलं आणि पहार खाली ठेवली. "एक दगड उपसला तर सगळे त्याच्या अंगावर येतील, गड्या." सरकारी कचेरीत फोन केला तर कळलं, जाणकार माणसं सोमवारी येणार. तोवर हात लावायचा नाही.

शनिवारी रात्री पाऊस कोसळून गेला, तरी एर्लंड तिथून हलला नाही. नळीतून दूध सोडलं की आत चाटल्याचा आवाज यायचा. मॉस कण्हायला लागला की हा म्हणायचा, "पडून राहा, राजा." दुसरं काय करणार होता? थोरानं एक टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

रविवारी दुपारी आत आणखी एक दगड कोसळला. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

सोमवारी माणसांनी टेकू देत देत वाट मोकळी केली. मॉस पंजांवर हनुवटी टेकून पडला होता, पाठीवर शिळा. त्याच्या मागे, बाहेरच्या काटेरी झुडपांच्या आड, भिंतीला भगदाड पडलं होतं. मेंढी सहज निघेल एवढं. शनिवारच्या पावसाचं पाणी त्यातून आत येऊन साचलं होतं.

"एवढी वाट होती," हार्कस बोलून गेला, "मग हा बाहेर का नाही आला?"

थोरानं एर्लंडचा हात घट्ट धरला.

"ऊठ म्हणालो नाही मी त्याला," एर्लंड म्हणाला.