डोक्यावर उभा खांब

माझ्या नवऱ्याचं, लुताचं, अर्धं आयुष्य आमच्या घराखाली गेलं. लांबघर, म्हणजे सगळ्या गावाचं एकच लांबलचक घर, खांबांवर उभं असतं, त्यामुळे खाली ऐसपैस जागा, आणि तिथे डुकरं, कोंबड्या आणि माझा नवरा हमखास सापडायचे. आज हा खांब वाळवीने पोखरला, बदल. उद्या तो खचला, त्याला टेकू दे. खालचं उरकून वर यावं तर पत्र्याला गंजून भोक पडलेलं. स्वस्त लाकूड आणायचं, तीन पावसाळे काढायचे, पुन्हा स्वस्त लाकूड आणायचं. आमच्या शेतात तण माजायचं आणि शेजारणी मला लेकीच्या नावाने, "सुबांगची आई" अशी हाक मारून विचारायच्या, "इंडाय सुबांग, नवरा दिला की सुतार?"

मग नदीने किनारा खायला सुरुवात केली आणि सगळं घरच वर टेकाडावर हलवायचं ठरलं. आमच्यात छप्पर सगळ्यांचं एक, पण प्रत्येक कुटुंबाचा खण वेगळा, आणि आपापल्या खणाचे खांब ज्याने त्याने आणायचे. एकाचा खांब बसला की शेजाऱ्याची भिंत तिरकी होते आणि मग वर्षभर बाचाबाची. म्हणून कोण कसलं लाकूड आणतो याकडे सगळ्यांचं बारीक लक्ष.

माझी काळजी निराळी होती. खण पुढे चालवायला कुणी राहिलं नाही तर त्या खणाचं नाव संपतं. आमच्यामागे एकटी लेक, सुबांग. ती बिंतुलू शहरात नर्स, नवरा तिकडचा, मुलं तिकडे वाढणारी. सुगीला आली तेव्हा जेवायला बसल्या बसल्याच तिने बापाकडे, तिच्या आपायकडे, बोट दाखवून विषय काढला.

"आपाय गेल्या वर्षी खांब बदलताना पडला. त्याची पाठ अजून धड नाही. तुम्ही पुन्हा तसलंच लाकूड उभं करणार, आणि उद्या घराखाली त्याच्या जागी मी! नको मला. सिमेंटचे खांब घाला. नाहीतर इंडाय, हा खण मी चालवणार नाही. स्पष्ट सांगते."

"सिमेंट? खालच्या वळणावरच्या घराचं सिमेंट पाहिलंस का? आतल्या सळ्या गंजून फुगल्यात. भेगेत बोट जातं माझं."

"बांधणाऱ्याने वाईट बांधलं म्हणून."

"मग आपल्याकडे चांगलं बांधायला कोण येणार? तुझा आपाय?"

"माझी पाठ दुखते," लुता म्हणाला, आणि त्याने ताटली पुढे केली. मी भात वाढला.

"बेलियान घालू," मी म्हणाले. लोखंडासारखं लाकूड ते, वाळवीही त्याला तोंड लावत नाही.

सुबांग हसली. "बेलियान उरलंय कुठे? ट्रकांनी कधीच नेलं सगळं."

"आपलं नाही नेलं. माझ्या आजीच्या खणाचे खांब वर, नदीच्या उगमाकडे, जुन्या जागी तसेच आहेत."

"त्यांची माती झाली असेल."

"चल बघायला. माती झाली असेल तर सिमेंट. दिला शब्द!"

रागाच्या भरात बोलून गेले खरी, पण त्या खांबांची खात्री मलाही नव्हती. ती जागा मी कधीच पाहिली नव्हती. आजीने ती पाहू दिली नव्हती.

लुताच्या पुतण्यांना घेऊन दोन होड्यांतून आम्ही निघालो. वर पोचलो तर माणसांनी लावलेल्या जुन्या दुरियानच्या फळझाडांवरून जागा ओळखू आली, पण घराचं नावनिशाण दिसेना. नुसतं रान. लुता आणि मी खाली वाकून शोधत होतो. सुबांग मात्र "तिकडे बघ, इकडे बघ" असं मला मुद्दाम म्हणत होती. दमून ती वेलांच्या एका गुंत्याला टेकली आणि "आई गं!" म्हणून एकदम बाजूला झाली.

"आत काहीतरी गार आहे."

लुताने कोयत्याने वेल सोलले. आत खांब होता. काळाभोर, सरळ, माझ्या मांडीएवढा जाड. मग आम्हाला दिसायला लागलं. त्याच्यापुढे दुसरा, त्याच्यापुढे तिसरा, समोर दुसरी ओळ. छप्पर गेलेलं, जमीन गेलेली, फळी म्हणून एक उरली नव्हती. खांब तेवढे आपल्या जागी उभे होते, डोक्यावर काही नसतानाही ओझं असल्यासारखे.  कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं आणि मी आवाज खाली आणला.

लुताने कुऱ्हाड मारली. ठण्ण आवाज झाला आणि कुऱ्हाडीच्या पात्याचा टवका उडाला. त्याने टवका उचलला, खांबाकडे पाहिलं आणि खाली बसला.

"हे असतं ना," तो म्हणाला, "तर मी आयुष्यभर काय केलं असतं गं?"

"झोपला असतास."

तो हसला नाही. खांबावर हात फिरवत राहिला. शेकडो खांब हाताखालून गेलेला माणूस, पण एखाद्या थोरामोठ्याच्या पायाला हात लावावा तसा लावत होता. मलाच रडू आलं.

आजीचा खण टोकाचा होता हे मला माहीत होतं; तिथला पहिला खांब पुतण्यांनी कुदळींनी उकरला. मातीतला भाग वर आला तेव्हा आम्ही सगळे वाकलो. वरचा थर बोटभर मऊ, आत तोच काळा दगड. सुबांगने नखाने खरवडून पाहिलं. नख तुटलं.

"ह्या खाचा कसल्या?" तिने विचारलं.

"ही या घराच्या तुळईची," लुता म्हणाला. "घर हलवलं की खांब उपटून बरोबर न्यायचे आणि नव्या तुळईला नवी खाच पाडायची. ही त्याआधीच्या घराची." त्याचं बोट पुढे सरकलं. "आणि ही त्याच्याही आधीची."

ती सगळ्यात जुनी खाच कडेने गुळगुळीत झाली होती. माझ्या बापाला पूर्वजांची नावं तोंडपाठ होती, रात्र रात्र म्हणायचा. पण ही खाच पाडणाऱ्याचं नाव त्यालाही आलं नसतं. नाव पुसलं गेलं आणि त्याने उभं केलेलं लाकूड अजून उभं. मला तिथे इतकं लहान वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

मग खांबाला बरोबर मधोमध दोर बांधून पुतण्यांनी तो उचलला. खांबाचं एक टोक जड होऊन खाली गेलं. लुताने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ठेवा खाली," तो म्हणाला. "पुन्हा बांधा. नीट मधोमध."

पुन्हा उचलला. पुन्हा तेच टोक खाली गेलं. आत्तापर्यंत आभाळाकडे होतं ते टोक.

झाडाची मुळाकडची बाजू जड असते. आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं की खांब झाड उगवतं तसाच लावायचा, मूळ खाली, शेंडा वर. उलटा लावला तर त्या घरात माणूस वाढत नाही. आणि हा खांब डोक्यावर उभा होता. घर हलवताना मुळाकडच्या टोकावरची खूण पुसली गेली असेल, घाई झाली असेल, आणि तासून सारख्या केलेल्या लाकडाला मूळ कुठलं हे कळलं नसेल.

आजी का येऊ देत नव्हती ते मला तिथे कळलं. या घरात तापाची साथ आली होती. आजीची भावंडं एकामागोमाग गेली. उरलेली माणसं भांडीकुंडीही न घेता होड्यांत बसली. कुठल्या तरी खणाचा खांब उलटा आहे म्हणत होते, कुणाचा ते कळलं नव्हतं. आमचा होता.

मी रविवारी चर्चला जाते. तरी मी खांबावरचा हात मागे घेतला.

"कुणाला सांगू नका," लुता म्हणाला. "सरळ करून लावू. कोण बघतंय?"

"ताप डासांनी येतो, आपाय," सुबांग म्हणाली. मग तिने त्या खाचांवरून बोट फिरवलं. "पण आकीपासून, आपल्या मुखियापासून, लपवून उभ्या केलेल्या घरात मला झोप लागणार नाही. सांगायचं."

"आकीने नको म्हटलं तर?" मी विचारलं. "मग काय करशील?"

ती उठून बांबू तोडायला गेली. आमच्या खणाचं नाव त्या उत्तरात अडकलं होतं.

बेलियान पाण्यात बुडतं, म्हणून खांबाला दोन्ही बाजूंनी बांबूच्या मोळ्या बांधून तो एकटाच आधी खाली आणला; बाकीचे आकीच्या होकारानंतर. आमचा मुखिया, आकी न्यांदांग, काठी टेकत आला. सुबांगने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. लोक जमले. "म्हणजे तुमचाच होता तर!" असं मागून कुणीतरी म्हणालंच. आकीने खांब पुन्हा दोराने उचलायला लावला, जड टोक खाली जाताना पाहिलं. मग खाली ठेवायला लावून एकेका खाचेत हात घातला. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"मला एक सांगा," तो शेवटी म्हणाला, "तुमच्यापैकी कुणी तासभर तरी डोक्यावर उभा राहील का?"

कुणी हसलं नाही.

"यात लाकडाचा काय दोष? आपल्याच माणसांनी याला उलटं लावलं. एवढी वर्षं डोक्यावर उभा राहून याने घर तोललं, आणि माणसं सोडून गेल्यावरही पडला नाही. याला मी नको म्हणू? कुठल्या तोंडाने?"

त्याने कोंबडा मागवला, त्याचं रक्त खांबाला लावलं, भाताची दारू ओतली, आणि माणसाशी बोलावं तसा खांबाशी बोलला. "आजोबा, आमची चूक झाली. आता सरळ उभे राहा." त्या म्हाताऱ्याने खांबाला आजोबा म्हटलं तेव्हा मागची कुजबुजही थांबली.  लुताने डोळे पुसले आणि पाठ दुखते म्हणाला.

खांब लावायच्या सकाळी लुता नव्या तुळईसाठी कोळशाने खूण करत होता. जुन्या खाचांच्या पुढे खांबाचा एक लांब तुकडा अजून कोरा होता. त्याने त्याच्या मधोमध रेघ मारली.

"आपाय, थांब," सुबांग म्हणाली. "मधे नको. इकडे, या खाचेजवळ घे."

"का गं?"

"मधे पाडलीस तर दोन्हीकडे थोडी थोडी जागा उरेल. कुणाच्याच कामाची नाही. कडेला घेतलीस तर आणखी एका घरापुरती मोकळी राहील."

"कुणाच्या घरापुरती?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मला काय माहीत," ती चिडून म्हणाली. "माझ्या पोरांच्या. नाहीतर त्यांच्या पोरांच्या. आपाय, मार ना रेघ, ऊन चढायला लागलंय."

लुताने बोटाला थुंकी लावून रेघ पुसली आणि जुन्या खाचेजवळ नवी मारली.