धरलं?

उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्यांमध्ये एक रीत असते. गच्चीच्या कठड्यावरून पाय बाहेर टाकण्याआधी माणूस विचारतो, "धरलं?" आणि मागे उभ्या असलेल्या जोडीदाराने दोर दोन्ही हातांत घेतल्यावरच म्हणायचं, "धरलं." 'हो' चालत नाही, 'जा की' चालत नाही, नुसती मान डोलावलेली तर मुळीच चालत नाही.

काचवाला ही रीत घरीही पाळायचा. बल्ब बदलायला स्टुलावर चढतानाही विचारायचा, "धरलं?" आणि त्याची बायको स्वयंपाकघरातून, भाजी ढवळता ढवळता, खुशाल ओरडायची, "धरलं!" स्टूल तिकडे, बाई इकडे. इतक्या वर्षांत स्टूल कधी हललं नाही, त्यामुळे बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग त्याचा जुना जोडीदार निवृत्त झाला आणि त्या जागी बायकोचा धाकटा भाऊ लागला. तिनेच नवऱ्याच्या मागे टुमणं लावून त्याला चिकटवला होता. एके दिवशी या भावाने "धरलं" म्हटलं तेव्हा त्याचा एक हात दोरावर होता आणि दुसरा मोबाइलवर. दोर सरकला. काचवाला मजलाभर खाली घसरला आणि सुरक्षेसाठी बांधलेल्या जादाच्या दोराला लटकून राहिला. खांदा निखळला, तो डॉक्टरांनी बसवला. मन मात्र काही केल्या जागेवर बसेना. तेव्हापासून तो स्टुलावरही चढला नव्हता. बोळातला बल्ब गेलेला तसाच होता आणि घरातली माणसं भिंत चाचपत न्हाणीघरात जात होती.

आता सुपरवायझरने निकाल मागितला होता. सोमवारी सांग, दोरावर येतोस की तळघरातल्या पार्किंगमध्ये राखणीला खुर्ची टाकून बसतोस. बायकोला खुर्ची हवी होती. ती रुग्णालयात एक्स-रे विभागात कामाला होती, पडलेली माणसं रोज तिच्याच टेबलावर येत. नवऱ्याला त्या टेबलावर बघायची तिची तयारी नव्हती, इतकं साधं होतं ते.

"रविवारी राष्ट्रीय उद्यानातल्या पठारावर जाऊ," काचवाला म्हणाला होता. "तिथल्या तिसऱ्या, शेवटच्या कड्यावर उभं राहून खाली बघता आलं, तर दोर. नाही आलं, तर खुर्ची. मग मी चकार शब्द काढणार नाही."

ती लगेच कबूल झाली. पहिल्या कड्यावरूनच स्वारी मागे फिरणार याची तिला बालंबाल खात्री होती.

रविवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोघांना नकाशा दिला आणि पिवळी रेघ ओलांडू नका म्हणून बजावलं. पठार सपाट होतं, काळ्या खडकांमधून कमरेएवढं गवत वाऱ्याने आडवं होत होतं. इथे चालताना आपण उंचावर आहोत हे कळतच नाही, आणि कळतं तेव्हा एकदम कळतं. काचवाला पुढे चालत होता, दुखरा खांदा किंचित वर उचलून.

पहिल्या कड्याला छातीएवढा लोखंडी कठडा होता. काचवाल्याने तो असा घट्ट पकडला की बोटं पांढरी पडली. समोरच्या डोंगरांकडे त्याने बघितलं, खाली नाही.

"बघितलंत? छान आहे. चला आता," ती म्हणाली.

"हा पहिला," तो म्हणाला.

दुसऱ्या कड्याला नुसती गुडघ्याएवढी भिंत. तिथवर पोचायच्या आतच त्याला पुढे पाऊल टाकवेना. तो खाली बसला आणि उरलेलं अंतर चक्क रांगत गेला. मागून आलेलं एक तरुण जोडपं बघून न बघितल्यासारखं करत निघून गेलं. बायकोला मनातून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पण रांगता रांगता तो भिंतीशी पोचला, हनुवटी भिंतीवर टेकवली, आणि तिथून खाली बघितलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तिने डबा उघडला. पाव आणि उकडलेली अंडी. तो एक घास खाऊन थांबला.

"अहो, सोडा ना हा हट्ट," ती म्हणाली. "खुर्चीत वाईट काय आहे?"

"खुर्चीत काही वाईट नाही. मी होऊन बसलो तर. भीतीने बखोट धरून बसवलं, तर आयुष्यभर तिथून छताकडे बघत बसेन."

"आणि परत पडलात तर? जोडीदार तर तोच राहणार. माझा दिवटा भाऊ."

"चांगला मुलगा आहे गं तो. त्याला वाटतं, धरलं म्हटलं की धरलं."

यावर ती काहीतरी बोलणार होती, पण तिला बोळातली खाट आठवली. हा भाऊ कॉलेजला असताना यांच्याच घरी राहायचा. बोळात खाट टाकून अभ्यास करायचा, बरोबर त्या बल्बखाली. काचवाला स्टुलावर चढून विचारायचा, आतून ताई ओरडायची, आणि तो पुस्तकातून डोकं वर काढून हे सगळं बघायचा. त्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरजच काय होती? घरच्या घरीच शिकवणी चालली होती. तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की हातातलं अंडं तिने तसंच डब्यात ठेवलं.

तिसऱ्या कड्याकडची वाट तिने खाली मान घालून कापली. आता तो पुढे आणि ती मागे राहिली नव्हती, दोघं बरोबरीने चालत होती.

तिथे कठडा नव्हता, भिंतही नव्हती. सपाट खडक, त्यावर रंगवलेली पिवळी रेघ, रेघेपलीकडे हातभर दगड, आणि मग काहीच नाही. खूप खाली नदी दिसत असावी, पण त्यासाठी रेघेशी उभं राहून वाकायला हवं होतं. वारा तोंडावर येत होता. काचवाला एकेक पाऊल टाकत रेघेशी गेला. रांगला नाही. उभा होता. आणि मग, मागे न बघता, त्याने विचारलं,

"धरलं?"

तिने नुसतं गप्प राहायचं होतं. उत्तर आलं नाही तर हा माणूस तसूभरही वाकणार नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? गप्प राहिली की खुर्ची तिची. सोमवार तिचा. रोज संध्याकाळी धडधाकट नवरा घरी.

तिने डबा खाली ठेवला. पुढे गेली, पाय फाकवून खडकावर रोवले, आणि दोन्ही हातांनी त्याचा पट्टा मुठीत आवळला. नीट आवळला गेलाय ना, हे एकदा मागे ओढून बघितलं.

"धरलं," ती म्हणाली.

तो वाकला. बराच वेळ खाली बघत राहिला. त्याच्या पाठीचा थरथराट तिच्या मनगटांपर्यंत येत होता, आणि हळूहळू तो थांबल्याचंही मनगटांनाच आधी कळलं.

सरळ झाल्यावर तो म्हणाला, "आज पहिल्यांदा धरलंस."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"भाजीचा वास यायचा ना हाताला. स्टुलाला कधी आला नाही."

ती हसली आणि त्याच वेळी रडली. पट्टा मात्र रेघेपासून चांगलं लांब येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी निकाल ऐकायला भाऊ घरी आला. अपराध्यासारखा दारातच उभा राहिला. काचवाल्याने बोळात स्टूल मांडलं, नवा बल्ब हातात घेतला, आणि भिंतीला हात टेकून विचारलं, "धरलं?"

आत कढईत फोडणी तडतडत होती. उत्तर आलं नाही. काचवाला थांबला. भाऊही थांबला. गॅस बंद केल्याचा आवाज आला. नळ वाहिला. मग ती हात पुसत बाहेर आली, स्टुलापाशी उकिडवी बसली, आणि भावाकडे बघून म्हणाली, "इकडे ये. त्या बाजूचे पाय तू धर. दोन्ही हातांनी. मोबाइल खिशात."

तो आला, बसला, त्याने धरलं.

"आता सांग त्यांना," ती म्हणाली.