तुळसाचं लुगडं

तुळसाने रत्नागिरीच्या तपासणीची दुसरी तारीखही चुकवली, तेव्हा वाडीच्या नर्स मालिनीबाईंचं डोकं फिरलं. वाडीच्या शाळेत शिबिर भरलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी मिश्री लावणाऱ्या झाडून सगळ्या बायकांची तोंडं बघितली होती. तुळसाच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला. कॅन्सर असेल, नसेल. रत्नागिरीला जाऊन त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला दिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फार उशिरा कळून उपयोग नव्हता. आणि ही बया आपली शेणाचे हात धूत उभी.

"म्हस दुसऱ्या कोनाला हात लावू देत नाय, बाई," तुळसा म्हणाली. "मी गेल्यावर सांजची धार कोन काढील?"

दरवेळी ती म्हैसच आडवी यायची. शेजारची काशी एकदा धार काढायला गेली आणि लाथ खाऊन आली, हे वाडीभर ठाऊक होतं. तुळसाचा नवरा वारलेला, मुलगा मुंबईला. गणपतीला आला तर आला. बोलायचं कुणाशी, तर त्या म्हशीशी. मालिनीबाईंनी समजावलं, रागावल्या, मुलाला कळवते म्हणून दमसुद्धा दिला. तुळसा ढिम्म. पण नर्स झाली तरी बाई सावर्ड्याची, माहेरच्या गोठ्यात वाढलेली.

"तुझं अंगावरचं लुगडं ठेवून जा," त्या म्हणाल्या. "ते नेसून मी काढते धार."

सोमवारी सकाळची धार उरकून तुळसाने लुगडं बदललं आणि काशीला सोबत घेऊन ती एसटीत चढली. तोंड असं, की नर्सबाईंनी तिला घरातून हाकलूनच दिलं असावं.

मालिनीबाई त्या घरात दिवसभर एकट्या. तशा आपल्या दवाखान्यामागच्या खोलीतही त्या एकट्याच राहायच्या, पण तिथे कुणी ना कुणी कडी वाजवायचं. इथे दुपार सरता सरेना. म्हैस रवंथ करत पायवाटेकडे बघत होती. शेवटी बाई तिच्याशी बोलायला लागल्या, ऊन फार तापलंय म्हणून. स्वतःचं हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. तुळसाचे सगळेच दिवस असे जातात, हे त्यांना आज कळलं.

तिन्हीसांजेला त्या ते लुगडं नेसून बसल्या. म्हशीने हुंगलं, शेपटी आपटली आणि पान्हा सोडला. चरवी भरली. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण वाईटच वाटलं. तुळसाची वाट बघणारा जगात एकच जीव, आणि तोही आपण फितवला.

शेवटच्या एसटीने तुळसा परतली, गालात कापूस धरून. तुकडा काढला होता. निकाल पुढल्या सोमवारी, आणि वाईट निघाला तर तिथेच ठेवून घेणार, असं काशीने सांगितलं आणि ती घरी गेली. तुळसाने भरलेली चरवी पाहिली आणि गोठ्याच्या दारातच ती मटकन बसली.

"दिलान दूध?"

"दिलं."

"मग माज्यावाचून कोनाचं अडतंय? हिचंपन नाय. कशाला जायाचं परत?"

मालिनीबाईंनी आत जाऊन आपलं पांढरं पातळ नेसलं, रिकामा तांब्या घेतला आणि म्हशीजवळ जाऊन वाकल्या. लाथेसरशी तांब्या अंगणात गेला. बाई कशाबशा सावरल्या.

"मला दिलं नाही तिने. तुला दिलं," मालिनीबाई धापा टाकत म्हणाल्या. "पण तू बरी होऊन आली नाहीस, तर त्या लुगड्याला तुझा वास किती दिवस राहणार?"

तुळसा उठली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

पुढल्या सोमवारी बाई आल्या तेव्हा घराला नुसती कडी होती. तुळसा पहिल्या एसटीने गेली होती. गोठ्याच्या दांडीवर दोन लुगडी टाकलेली होती, दोन्ही नेसून मळलेली, न धुतलेली. एक आजच्यासाठी, आणि एक तिथेच राहावं लागलं तर.